भावना दुखावण्याचं बलुतं

करंजखिंड गावात कुणाच्याही भावना दुखावलेल्या नाहीत, ही गंभीर बाब एकोणीसशे एकोणतीस सालच्या पावसाळ्यात प्रथम कचेरीच्या नजरेस आली.

आता गाव म्हटलं की गावात काय नसतं? बांधाची भांडणं होती, पाटाच्या पाण्याची होती, कुणाची कोंबडी कुणाच्या परसात अंडं घालून आली यावरून तर दोन घरं बारा वर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नव्हती. भावनाही होत्या, नाही असं नाही. पण त्या दुखावल्या की तसं वर लेखी कळवायचं असतं, हे त्या डोंगरातल्या माणसांना कुणी सांगितलंच नव्हतं.

भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या डोंगरात सात गावांची एक लहानशी जहागीर होती, त्यातलं हे एक गाव. जहागिरीचे कारभारी वसंतराव हे भोरचे, वकिलीच्या परीक्षेला दोनदा बसलेले आणि दोन्हीदा घरी परतलेले. इंग्रजांनी आपल्या मुलखात धर्माच्या अपमानाविरुद्ध कायदा केल्याचं त्यांनी पुण्याच्या वर्तमानपत्रात वाचलं. इंग्रजांच्या खालसा मुलखात आहे आणि आपल्याकडे नाही, याची त्यांना मनस्वी लाज वाटली. चार दिवस दार लावून बसून त्यांनी ‘श्रद्धासंरक्षण जाहीरनामा’ लिहिला आणि सातही गावांच्या चावडीवर स्वतः वाचून दाखवला.

करंजखिंडीच्या चावडीत तेव्हा दस्तगीर मुलाणी पायरीवर बसून ऐकत होता. गावात मुसलमानाचं घर एकच, ते त्याचं. वाघजाईच्या चैत्री जत्रेत देवीपुढचे बोकड कापायचे ते त्यानेच, आणि तेही अल्लाचं नाव घेऊन. मुलाण्याची सुरी फिरल्याशिवाय गावातलं एक माणूस रश्श्याला बोट लावत नसे. अकरा पिढ्या हे चाललं होतं. त्या बदल्यात खळ्यावर धान्याचं बलुतं, बोकडामागे मानेचा वाटा आणि देवळासमोरचं दोन खणांचं घर, एवढं त्याचं राज्य.

“कलम दुसरे,” वसंतराव वाचत होते. “अपमान करणारा इसम परधर्मीय असावा. स्वधर्मीयाने केलेला अपमान ही सवय समजण्यात यावी.”

हे ऐकून सावळाराम गुरवाचा जीव भांड्यात पडला. देवळाचं छप्पर गळत असल्यापासून तो रोज सकाळी वाघजाईला तोंडभर शिव्या घालूनच पूजेला बसायचा.

“कलम सातवे. अपमानाची हकिकत ऐकून अगर वाचून जो कोणी हसेल, तोही अपमान करणाराच धरला जाईल.”

यावर अख्खी चावडी खो खो हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो दस्तगीर. वसंतरावांनी हसू ओसरेपर्यंत शांतपणे वाट पाहिली आणि म्हणाले, “हे जाहीरनामा लागू होण्यापूर्वीचं हसणं धरतो.”

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण जाहीरनाम्यासोबत एक तक्ता होता, आणि तो दर तीन महिन्यांनी भरून पाठवायचा होता. अपमान करणाऱ्याचे नाव, अपमानाचा प्रकार, दुखावलेल्यांची संख्या, शेरा. कुंडलिक पाटलांनी तलाठ्याकडून चारही रकान्यांत ‘निरंक’ लिहून घेतलं आणि कागद रवाना केला. आठव्या दिवशी उत्तर आलं. सदरहू गावात श्रद्धा मुळातच नाही असे का समजू नये, याचा खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास चैत्री जत्रेचा परवाना मिळणार नाही.

“आता काय करायचं वो?” सावळाराम म्हणाला. “जत्रा न्हाई म्हंजे काय मस्करी हाय का?”

पाटलांनी डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता. गावगाडा जसा चालतो तसाच त्याचा विचार चालला. नांगर मोडला तर सुतार, मडकं फुटलं तर कुंभार, दाढी वाढली तर न्हावी. गावाला एखादी वस्तू लागली की ती कुणाच्या तरी वाट्याला येतेच. आता गावाला अपमान लागत होता. परधर्मीय घर एकच होतं. पाटील तडक दस्तगीरच्या ओट्यावर येऊन बसले.

“भाई, तेवढं एक काम होतं गावाचं.”

“बोला की पाटील.”

“आमच्या भावना दुखवायच्या. जास्त न्हाई, तिमाहीला येकदा.”

दस्तगीरला आधी वाटलं पाटील थट्टा करतायत. मग कागद बघितला, त्यावरचा तांबडा शिक्का बघितला, आणि त्याने विचारलं, “पण कशा दुखवू? मला कुटं येतंय?”

मग पाटील, सावळाराम आणि दस्तगीर तिघं मिळून कुणालाही न लागेल असा अपमान शोधायला बसले. देवीला नाव ठेवायचं तर दस्तगीरची जीभ रेटेना. देवळावर खडा मारायचा तर सावळारामला छपराची काळजी. शेवटी पाटील म्हणाले, “देवळाकडं पाठ करून बसा.”

“रोज बसतो. माजा ओटाच तसा हाय. समूर बसलो तर भिंत लागती टकुऱ्याला.”

“मंग तेच लिवू!”

पंचनामा झाला. ‘इसम दस्तगीर हा भर दिवसा देवालयाकडे पाठ करून बसला व विडी ओढली.’ विडी पाटलांनीच दिली होती. दस्तगीरने अंगठा उठवला. शिक्षा दोन दिवस चावडीत बसण्याची. समोरच्या घरातली ठकुबाई, जिला दस्तगीर लहानपणापासून मावशी म्हणायचा, ती दोन्ही दिवस भाकरी आणि हुलग्याचं माडगं घेऊन आली. “खा रं दस्तगीरा, लई मोटा गुन्हेगार तू,” म्हणून हसून हसून तिच्या डोळ्याला पाणी आलं. गावही हसलं. महिनाभर दुसरा विषय नव्हता.

घरी आल्यावर त्याची बायको चांदबी मात्र हसली नाही. “अंगठा कशाला दिलात?” तिने विचारलं.

“अगं, गावाचं काम हाय.”

“गावाच्या कामाला तुमी कवा न्हाई म्हणालाय? उद्या म्हणतील फाशी जा, गावाची इज्जत हाय, तर जाल दोरी घिऊन.”

“काय बी बोलतीस,” दस्तगीर म्हणाला. मनातून तो खूश होता. इतकी वर्षं गावाला तो जत्रेच्या एकाच दिवशी लागायचा, आता बारमाही लागत होता.

दुसऱ्या तिमाहीला तो आरतीच्या वेळी शिंकला. कचेरीचा शेरा आला: ‘अपमान सौम्य. चारशे वस्तीच्या गावात दुखावले दोनच इसम, पाटील व गुरव. बाकीचे काय करीत होते?’ बाकीचे शेतात होते, पण तसं लिहिण्याची सोय नव्हती. म्हणून वसंतराव स्वतः आले आणि त्यांनी एक फार मोठी सुधारणा केली. दुखावलेल्या प्रत्येक इसमास यापुढे कचेरीच्या शिक्क्याचा दाखला मिळेल. ज्याच्यापाशी दाखला, त्याचा खांदा वाघजाईच्या पालखीला आधी लागेल.

मग काय विचारता! ज्यांनी आयुष्यात देवळाची पायरी शिमग्याखेरीज पाहिली नव्हती, ते गडी चावडीपुढे रांग लावून उभे राहिले. दाखले तीन प्रतीचे होते: साधी दुखापत, मध्यम दुखापत आणि तीव्र. पाटलांना तीव्र मिळाला. चिमाजी नावाच्या शेतकऱ्याला साधा मिळाला, तर तो कागद वसंतरावांपुढे आपटून म्हणाला, “म्या काय कुणापरीस कमी दुखावलोय व्हय? माज्या बाच्या वक्तापास्नं दुखावतोय!”

“पुरावा?” वसंतराव म्हणाले.

पुराव्याचा नियम तिथल्या तिथे ठरला. जो गुन्हेगाराशी तीन महिने बोलणार नाही, त्याचा दाखला तीव्र करण्यात येईल. बोलताना आढळल्यास तो रद्द होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीर विहिरीवर गेला आणि “राम राम” म्हणाला. सातजण उभे होते. सातांनीही मान हलवली, एकानेही तोंड उघडलं नाही. चिमाजीने इकडे तिकडे पाहून खिशातला कागद काढून दाखवला आणि लाजून हसला. दस्तगीरही हसला. पहिले काही दिवस सगळा व्यवहार हातवाऱ्यांनी चालला आणि त्याची गंमतही वाटली. मग हातवारे कंटाळवाणे झाले, तेव्हा तेही बंद पडले.

पाटील मात्र दर चार दिवसांनी गोठ्यामागून येऊन हळूच सांगून जायचे. “भाई, राग मानू नगा. दाखल्यापायी बोलत न्हाई. मनात काय न्हाई.”

“मनात काय न्हाई ते मला ठावं हाय, पाटील,” दस्तगीर म्हणायचा. “पर मन दिसत न्हाई. त्वांड दिसतं.”

ठकुबाईने दाखला घेतला नव्हता. “मला काय पालखी उचलायची हाय?” म्हणायची. ती रोज ओट्यावर येऊन चांदबीशी मुद्दाम मोठमोठ्यानं बोलायची, अगदी खिंडीपलीकडे ऐकू जावं अशी. पण माघात तिच्या नातीचं स्थळ भोंगवलीहून आलं. मुलीचं नाक बघितलं, घर बघितलं, आणि मग वराच्या चुलत्याने विचारलं, “घर दुखावलेलं हाय का?” बिनदाखल्याचं घर म्हणजे श्रद्धेत काहीतरी खोट असणार, ही समजूत तोवर नीरेच्या काठापर्यंत पोचली होती.

त्या दिवशी ठकुबाई आली ती उंबऱ्याच्या आत आली नाही. “दस्तगीरा,” ती म्हणाली, “पोरीचं लगीन हाय बाबा. आता म्या बोलायची न्हाई.” आणि एवढं बोलून म्हातारी दाराच्या चौकटीला धरून ओक्साबोक्शी रडली. दस्तगीरलाही भडभडून आलं. त्याच्या आईच्या माघारी त्याला अंघोळ घालणारी बाई ती. पण गंमत बघा, समजूत घालायची पाळी त्याच्यावरच आली. “जा मावशे, काय हुत न्हाई. हे समदं कागदावरचं हाय,” असं तोच तिला सांगत होता.

चैत्र आला. परवाना आला. करंजखिंडीच्या यशस्वी तक्त्यांवर खूश होऊन कचेरीने जत्रेला ढोलांची परवानगीही दिली. चौतीस बोकड देवीपुढे बांधले गेले आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की दस्तगीर हा पाठ, शिंक आणि तिसऱ्या तिमाहीची जांभई धरून तीन वेळचा गुन्हेगार असून कलम अकराप्रमाणे त्याला स्वतःच्या घराखेरीज देवळापासून शंभर पावलांच्या आत येता येत नाही.

बोकड एकशे एक पावलांवर नेण्यात आले. तिथे दुसरी अडचण उभी राहिली. दस्तगीरने अल्लाचं नाव घेतलं आणि दाखलेवाल्यांनी ते ऐकलं, तर त्यांच्या भावना पुन्हा दुखावणार. घेतलं नाही तर मटण कुणी खाणार नाही. पंचांनी बराच खल करून असं ठरवलं की सर्वांनी कानात कापूस घालावा.

“आन मंग नाव घेतलं का न्हाई, ते कळायचं कसं?” सावळाराम म्हणाला. “पोटाचा सवाल हाय.”

न दुखावलेला एखादा साक्षीदार हवा होता. गाव धुंडाळलं. न दुखावलेलं माणूस गावात उरलं नव्हतं. एकटा दस्तगीर होता. तेव्हा त्यानेच बोकडागणिक आपण नाव घेतल्याचं लिहून द्यावं असं ठरलं. तलाठ्याने तिथेच मांडी ठोकली. बोकड कापायचा, सुरी पुसायची, अंगठा उठवायचा. चौतीस बोकड, चौतीस अंगठे. संध्याकाळी गावाने ताव मारला. रश्श्याला असा रंग दहा वर्षांत आला नव्हता, असं सगळे म्हणाले, अर्थात दस्तगीरला सोडून एकमेकांना.

तलाठी कामाचा माणूस. अंगठ्यांचे कागद त्याने सवयीने तक्त्याला जोडले.

वसंतरावांनी ते उघडले तेव्हा त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. हिंदू देवतेच्या नैवेद्यावर परधर्मातल्या नावाचा उच्चार, एकाच दिवसात चौतीस वेळा, आणि तेही गुन्हेगाराच्या कबुलीसह! सातही गावांत असा तक्ता आला नव्हता. दस्तगीरला कचेरीत उभं करण्यात आलं.

“नाव घेतलंस?”

“घेतलं साहेब. न्हाई घेतलं तर कुणी खाल्लं नसतं.”

“किती दिवस चाललंय हे?”

“अकरा पिढ्या झाल्या.”

“म्हणजे गुन्हा जुना आहे,” वसंतराव म्हणाले आणि त्यांनी ते टिपून घेतलं.

“साहेब, गावानंच सांगितलं. पाटील हितंच हायती, त्यांना इचारा. देवळाकडं पाठ केली तवाची विडी बी त्यांचीच हुती.”

कुंडलिक पाटील भिंतीशी उभे होते. दस्तगीरने त्यांच्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं, चैत्रात बोकडाच्या दोरीला हात लावताना दोघं एकमेकांकडे पाहायचे तसं. एक शब्द हवा होता. “व्हय, म्या सांगितलं,” एवढंच. पाटलांचे ओठ हललेही. पण गुन्हेगाराच्या बाजूने बोललं तर तीव्र दाखला जातो, दाखला गेला की पालखीचा पहिला खांदा जातो, आणि पहिला खांदा गेला तर पाटील कसला? त्यांनी घसा खाकरला.

“जे कागदावर हाय ते खरं, साहेब,” ते म्हणाले.

दस्तगीरला सात गावांतून कायमचं हद्दपार करण्यात आलं. सुरी पुरावा म्हणून कचेरीने ठेवून घेतली. घराला सील लागलं. गावाला आदर्श श्रद्धेबद्दल एक शाल मिळाली. ती कुणी पांघरायची यावरून नंतर मारामारी झाली, पण ती स्वधर्मीयांत झाल्याने सवयीत मोडली.

निघायच्या दिवशी चांदबीने भांड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली, “चला. दोरी घ्यायची ऱ्हायली असंल तर घ्या.” रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. कुणी बोललं नाही. जुन्या माणसांनी माना खाली घातल्या होत्या. नव्याने लग्न होऊन आलेल्या सुना मात्र डोळे वटारून बघत होत्या. हा सगळा खेळ कसा सुरू झाला ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना दिसत होता तो सदतीस वेळा स्वतःच्या अंगठ्यानं कबुली दिलेला माणूस. वेशीपाशी ठकुबाई बसली होती, रस्त्याकडे पाठ करून. तिच्यामागे दगडावर फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. दस्तगीरने त्या उचलल्या. तिचे खांदे गदगदत होते, पण तिने वळून पाहिलं नाही. 

वेल्ह्याच्या बाजूला, जहागिरीच्या हद्दीबाहेर, मेव्हण्याच्या पडवीत त्याने बिऱ्हाड मांडलं. तीन महिने गेले. एका दुपारी वाटेवर फेटा दिसला. कुंडलिक पाटील येत होते. पाटील आले, पडवीत टेकले, आणि कोंडलेला बांध फुटावा तसे बोलायला लागले.

“भाई, बरं हाय का? चांदबी, पोरी, पाणी दे गं. लई आठवण येती बगा.”

“आज बोलताय?” दस्तगीर म्हणाला.

“हितं हद्दीभाईर चालतंय. म्या इचारून आलोय.” पाटलांनी खिशातून कागद काढला. तोच तक्ता, कोरा. “तिमाही भरली. कचेरी म्हणती, असलं नावाजलेलं गाव, निरंक चालायचं न्हाई. तुमच्याबिगर कोण हाय आमाला? वसंतरावांकडनं चार दिसाची परवानगी काढतो. या, कायतरी करा, अंगठा द्या, पुन्ना सोडतो हद्दीपतुर.”

चांदबीने पाण्याचा तांब्या आणला होता. तो पाटलांपुढे न ठेवता ती तसाच हातात धरून उभी राहिली.

दस्तगीरने तक्त्याला हात लावला नाही. त्याला राग आला होता, आणि राग यायला एवढा उशीर का झाला याचाही राग आला होता. “पाटील,” तो शेवटी म्हणाला, “तुमी माफी मागाया आलाय आसं वाटलं मला. लांबनं फेटा दिसला तवा.”

पाटलांनी खाली पाहिलं. “बलुतं तुमचं हाय, भाई. दुसऱ्याला कसं देऊ?”

“माजं बलुतं सुरीचं. ती कचेरीत हाय. ह्ये दुसरं माजं कवाच नव्हतं. सातवं कलम आठवतंय का? हकिकत ऐकून जो हसंल तो. पयल्या पंचनाम्याला मी दोन दिस चावडीत बसलो, तवा कोण कोण हसलं?”

“समदंच हसलं की!”

“मंग समद्यांची नावं लिवा. तक्ता भरंल.”

पाटील तहानलेलेच परत गेले. पण सल्ला त्यांना पटला; सातव्या कलमात ‘जो कोणी’ असं होतं, धर्माची अट नव्हती. गावगाड्यात वाटणी सारखी असली की कुणाची कुरबूर राहत नाही. त्यांनी पहिलं नाव सावळारामचं घातलं, दुसरं चिमाजीचं. चिमाजीने आपण हसलोच नव्हतो अशी शपथ घेतली आणि हसणाऱ्या आणखी पाच जणांची नावं सांगितली. त्या पाचांनी पंचवीस सांगितली. वसंतरावांना पुरवणी कागद छापून घ्यावे लागले.

यादी अजून पुरी झालेली नाही. सातव्या कलमात ‘ऐकून अगर वाचून’ असे शब्द आहेत, आणि आपण ही हकिकत इथवर वाचली आहे. देवळाकडे पाठ करून विडी ओढल्याच्या पंचनाम्यापाशी आपण हसलात, ते राहू द्या, तिथे सगळं गाव हसलं होतं. पण दस्तगीर हद्दपार झाला, त्यानंतर चारच वाक्यांनी शालीवरून मारामारी झाली, तिथेही आपण हसलात. तो तेव्हा वेशीपर्यंतही पोचला नव्हता.

नाव सांगा. अंगठा चालेल.